उलटगावचा भोंगा

माझी मोठी बहीण शालन गेली, त्या गुरुवारी सकाळी मी एकच मजकूर सगळीकडे पाठवत सुटलो होतो. नातेवाईक, तिच्या जुन्या लॅबमधले लोक, मोहन्याचे शेजारी. सगळीकडून हात जोडलेली चित्रं येत होती. शेवटी तो मजकूर मी उलटगावच्या ग्रुपवर टाकला. मग नाशिकचा एक औषधविक्रेता, ज्याला मी आजवर फक्त ‘नावाडी’ म्हणून ओळखत होतो, त्यानं लिहिलं, “फासा कोणी टाकला?”

मी भडकलो. इथं घरात माणूस गेलंय आणि याला खेळ सुचतोय! चांगलं झाडणार होतो त्याला... पण टाइप करता करता लक्षात आलं की बिचाऱ्याला दुसरं काही सुचलंच नसेल. उलटगावात फासा टाकल्याशिवाय कोणी मरत नाही, हा ताईचाच नियम. फासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकायचा आणि पडेल तो आकडा मोठ्यानं सांगायचा. नावाड्याला एवढंच म्हणायचं होतं की हे नियमात बसत नाही. त्याचं बरोबर होतं. मी लिहिलेलं सगळं खोडलं.

उलटगाव कुठं आहे ते नकाशात शोधू नका. तो इंटरनेटवरचा खेळ आहे. निरनिराळ्या गावांतली माणसं एका ग्रुपवर जमतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि त्या पात्राच्या तोंडून लिहितो. कोणी नावाडी, कोणी सुईण, कोणी भुरटा चोर. आणि त्यांच्याभोवतीचं गाव, नदी, वारा, संकटं हे सगळं एक जण सांभाळतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. ठाकुर्लीच्या वन रूम किचनमध्ये एकटी राहणारी माझी साठीपुढची बहीण ते काम करायची. पगार नाही, मानधन नाही, साधा शालश्रीफळाचा कार्यक्रमही नाही. लोक तिला ‘जीएम ताई’ म्हणायचे आणि ती ते एखाद्या पदवीसारखं मिरवायची.

तिचा पहिला खेळाडू मात्र आमचे वडील होते. आम्ही राहायचो त्या मोहन्याला वडील नोकरी करायचे तो कारखाना होता आणि कारखान्याचा भोंगा होता. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते भोंग्यावर लावलेलं असायचं. आई भोंगा ऐकून कुकर चढवायची, ताई भोंगा ऐकून केस विंचरायला घ्यायची, मी भोंगा ऐकून पांघरूण डोक्यावर ओढायचो. मग कारखाना बंद झाला. त्यानंतरही कितीतरी दिवस बाबा सकाळी साडेसहाला चपला घालून दारात उभे राहायचे. कुठं जायचं ते त्यांना कळायचं नाही, आणि आम्हाला त्यांना काय सांगायचं ते कळायचं नाही. मी तर त्या वेळी सरळ मोरीत जाऊन बसायचो. ताई तेव्हा कॉलेजात होती. एका सकाळी ती त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “बाबा, समजा एक गाव आहे. तिथला भोंगा बंद पडलाय. तुम्हाला बोलावलंय. आधी काय कराल?”

बाबा म्हणाले, “आधी व्हॉल्व्ह बघीन.”

ताईनं ल्युडोतला फासा आणला, आईची स्टीलची वाटी आणली आणि त्यात फासा टाकला. “एक पडला. व्हॉल्व्ह गंजलाय. हलत नाही.”

“मग तेल घालीन,” असं म्हणून बाबांनी चपला काढल्या.

असं त्यांचं रोज चालायचं. आई वैतागायची, तिला ती वाटी डाळ वाढायला लागायची. वाटीवर तिचं नाव कोरलेलं होतं, ‘सौ. हौसाबाई, मोहने’, त्यामुळे ती कुणाच्या घरी राहूनही जाऊ शकत नव्हती. बाबांचा तो भोंगा शेवटपर्यंत वाजला नाही. ते गेले तेव्हा खेळ अर्धवटच होता, आणि ताईच्या मनात ते कायम राहिलं असणार. कारण पुढं तीसेक वर्षांनी, कल्याणच्या लॅबमधल्या एका मुलीनं तिला हे ऑनलाइन खेळ दाखवले तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, “मला गाव चालवायला मिळेल का? माझ्याकडे एक आहे.”

मी तेव्हा तिची मनसोक्त टिंगल केली. विमा कंपनीत आयुष्य घालवलेला माणूस मी, मला हा पोरखेळ वाटायचा. “एकदा खेळून तर बघ रे विज्या,” असं तिनं दहादा म्हटल्यावर मी उलटगावात कारकून झालो. पहिल्याच दिवशी मला पूल ओलांडायचा होता. काय लिहायचं सुचेना, म्हणून सवयीनं अर्ज लिहिला. ‘महोदय, विषय : पूल ओलांडण्याची परवानगी मिळणेबाबत.’ ग्रुपवर सगळे हसले. ताई हसली नाही. तिनं पुलावर एक चौकी उभी केली, चौकीत एक साहेब बसवला आणि त्या साहेबानं माझा अर्ज तीन रविवार परत पाठवला. एकदा प्रत जोडली नव्हती, एकदा शिक्का अस्पष्ट होता, एकदा साहेब जेवायला गेले होते. हे सगळं मी नोकरीत लोकांना केलं होतं. चौथ्या रविवारी मी शिक्का आपटून खेळ सोडला. ताई म्हणाली, “कारकुनाला मी मारत नाही हं. बसून राहील बिचारा चौकीत. कधी यावंसं वाटलं तर ये.”

खेळ रविवारी सकाळी दहाला असायचा, कारण त्या वेळी माणसं घरी असतात आणि पोह्यांनी पोट भरलेलं असतं. फासा टाकणारी यंत्रणा मोबाइलमध्येच मिळते, पण ताईला ती मान्य नव्हती. ती डब्यांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवायची, त्याचा कॅमेरा बरोबर वाटीवर यायचा. आकडा वाईट पडला की लोक गयावया करायचे. ताई म्हणायची, “पडला तो पडला. पुढं काय करताय ते सांगा.” मात्र तिचा आणखी एक नियम होता, हातभाराचा. वाईट आकडा पडला तर कोणीही आपल्या पात्राची सगळ्यांत लाडकी वस्तू कायमची देऊन त्यात एक मिळवू शकायचा. दिलेली वस्तू परत मागायची नाही. लोक त्यामुळे फार जपून हातभार लावायचे.

आता सलोनीचं सांगायलाच हवं. सलोनी दिवा स्टेशनजवळ राहणारी. उलटगावात ती विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचं पात्र करायची, पण वर्षभर तिनं ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय काही लिहिलं नव्हतं. एका रविवारी भर खेळात तिचा निरोप आला, “तीन दिवस झाले, पाणी आलं नाहीये. कोणीच काही करत नाही. मी एकटी किती वेळा जाऊन भांडू?” तो तिच्या सोसायटीच्या ग्रुपसाठी होता. पण तिला कळायच्या आत उलटगावात धावाधाव सुरू झाली. नावाड्यानं होडी सोडली, सुईणीनं हंडे काढले, चोरानं तर आजपासून चोरी बंद अशी शपथ घेतली. सलोनीनं घाबरून लिहिलं, “सॉरी सॉरी, राँग ग्रुप! मी दिव्याचं बोलत होते!”

ताईनं वाटीत फासा टाकला. “पाच. विहीर आटलीय हे खरं आहे. आणि कुठल्या झऱ्यानं दगा दिला ते फक्त पाणी शेंदणाऱ्या बाईला माहीत आहे. सांग बाई, कुठं जायचं?”

आणि ती मुलगी बोलायला लागली... चार महिने ती गावाला पुढं घालून झरे शोधत होती. पात्राच्या तोंडून तिनं गावच्या मुखियाला असं फैलावर घेतलं की ताईनं ते मला फोनवर वाचून दाखवलं. मग एक दिवस ताईला सलोनीचा फोन आला. ती खरोखरच्या सोसायटीच्या मीटिंगला गेलेली, उभी राहून बोललेली. “ताई, मी ना मुखियाला बोलले तेच बोलले. सेम टू सेम. सगळे गप! आता कमिटीत घेतलंय मला.” ताई त्या दिवशी मला म्हणाली, “विज्या, मला आता कोणी काय करतेस विचारलं तर सांगणार, गेम मास्टर आहे.” मी पहिल्यांदाच टिंगल केली नाही.

डायलिसिस सुरू झाल्यावरही रविवार चुकला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी एक हात सुईला बांधलेला असायचा, दुसऱ्या हातानं ती उलटगावात पाऊस पाडायची. या वर्षी गावाला भोंग्याचा शेवटचा भाग सापडला. सगळं जुळलं, वाफ धरली, आता फक्त फासा टाकायचा होता. भोंगा वाजायला दहा लागणार होते. फाशावर सहाच असतात, म्हणजे हातभाराशिवाय तो वाजणं शक्यच नव्हतं. ताईनं ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं.

तो तिचा शेवटचा रविवार. मी तिच्या ओट्याशी चहा करत होतो. वाटीत फासा टणटणला आणि त्याच क्षणी धडाधड आवाज झाला. तिचा हात चळतीला लागला होता आणि डब्यांसकट मोबाइल खाली आला होता. मी जाऊन पाहतो तर मोबाइल काळा पडलेला, आणि ताईनं वाटीवर ताटली झाकलेली.

“काय पडलं?” मी विचारलं.

“पुढच्या रविवारी. सगळ्यांसमोर.” ती दमली होती. “तू हात लावू नकोस हं त्याला.”

गुरुवारी ती गेली.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी त्या ताटलीवर पहारा देत होतो. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचं जेवण होतं, त्या दिवशी वाट्या कमी पडल्या. आमच्या मामीनं ताटलीला हात घातला तसा मी केवढ्यानं ओरडलो, “मामी, ती नाही!” मामी दचकली. “अरे, वाटीच आहे ना रे ती?” मी म्हटलं, “बाबांचा भोंगा आहे.” मामीनं माझ्याकडे पाहिलं, बायकोला खूण केली आणि मला खुर्चीत बसवून लिंबूसरबत दिलं.

नंतरच्या रविवारी मी एकटाच ठाकुर्लीला गेलो. गेम मास्टर कोण होणार, तर वाटी माझ्याकडे होती म्हणून मी. डब्यांची चळत रचली. ताईच्या वहीत शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. ‘भोंगा वाजला तर सगळ्यांनी आपापल्या घरी कुकर लावायचा. डाळतांदूळ घालूनच. रिकामा लावू नये.’ दहाला पाच मिनिटं होती. मी कॅमेरा सुरू केला नव्हता. आणि मी ताटली उचलली.

दोन.

मी खरं सांगतो, माझं बोट फाशाकडे गेलं होतं. सहा करायला कितीसा वेळ लागतो? कोणी पाहत नव्हतं. सहा झाले असते तर चारच हातभार लागले असते. दोनाला आठ हवे होते, आणि खेळाडू होते आठच. त्यांनी आठ वस्तू दिल्या नसत्या तर बाबांचा भोंगा पुन्हा बंदच राहिला असता, आणि तोही माझ्या हातून. मग माझ्या मनात आलं, ताईनं हा आकडा पाहिला होता. झाकण्यापूर्वी नक्की पाहिला होता. तिचंही बोट तिथंच होतं, तिला वेळही होता, आणि तो भोंगा माझ्यापेक्षा तिला जास्त हवा होता. तिनं नुसती ताटली झाकली. मी बोट मागं घेतलं आणि कॅमेरा लावला.

मोबाइलवर आठ चेहरे होते. मी ताटली बाजूला धरली आणि म्हणालो, “दोन. जीएम ताईंनी टाकलेला आहे.”

मग नावाडी खाकरला. “माझी होडी,” तो म्हणाला. तीन झाले. सुईणीनं आजीची कात्री दिली. चोरानं हात दिले, म्हणाला, “हात म्हणजे कला हो, आता चोरी जमणार नाही.” सहा, सात झाले. सलोनीनं विहीर दिली. तिची विहीर! मी बोटांनी आकडे दाखवत होतो. सगळे मिळून नऊवर येऊन थांबलो. एक म्हातारे गृहस्थ, गावातले वैद्य, मान खाली घालून बसले होते. त्यांची वस्तू म्हणजे मेलेल्या बायकोचं पत्र होतं आणि मला वाटतं ते फक्त खेळातलं नव्हतं. त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

“सर,” सलोनी म्हणाली, “चौकीत एक कारकून आहे ना अजून?”

मी विसरलो होतो. ताईनं त्याला मारलं नव्हतं. इतकी वर्षं तो बसून होता तिथं, शिक्का घेऊन. “कारकून शिक्का देतो,” मी म्हणालो. “कायमचा. अर्जाशिवाय.”

दहा.

मग काय झालं ते कसं सांगू... कोणी रडत होतं, कोणी टाळ्या वाजवत होतं, चोर खुर्चीवर उभा राहिला होता. मी वहीतल्या दोन ओळी वाचल्या आणि आठ घरांत पळापळ झाली. मीही ताईच्या डब्यातले तांदूळ आणि डाळ धुऊन तिच्याच कुकरात लावले. पहिली शिट्टी नाशिकहून आली, मग दिव्याहून, मग सगळीकडून एकदम, आणि शेवटी ठाकुर्लीच्या त्या ओट्यावरून. शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या. मी त्यांना सांगितलं, “भोंगा वाजला!” आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी काही सांगितलेलं नाही. त्या दिवशीचा वरणभात मी आईच्याच वाटीत जेवलो.

आता वाटी माझ्या डोंबिवलीच्या घरी आहे. बायको तिच्यात डाळ वाढत नाही. उलटगावात नवा डाव मांडलाय, यात सलोनी विहिरीवाचून आहे आणि भारी उद्योग करतेय. मी शिकतोय. लोक मला अजून ‘जीएम’ म्हणत नाहीत, ‘विजयसर’ म्हणतात, चालायचंच. गेल्या रविवारी नावाड्याला पोहून नदी पार करायची होती. मी फासा टाकला. ‘सौ. हौसाबाई, मोहने’ या अक्षरांवर आपटून तो थांबला. मी वाटीत पाहिलं, आणि होतं ते सांगितलं.