बारदान वजा

कुठलीही वस्तू समोर आली की मापारीभाऊ आधी तिच्याखाली हात घालत. टरबूज असो, शेजाऱ्याचं नवं बाळ असो, नाहीतर माझ्या दुकानातला घण असो. डोळे अर्धे मिटायचे, वस्तू वीतभर उचलायची आणि म्हणायचं, "सांग बरं मिस्तरी, किती भरन?" मी काहीतरी आकडा ठोकून द्यायचो. मग ते खरा आकडा सांगायचे. सुरुवातीला मी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन पडताळून बघायचो. फरक असा कधी निघालाच नाही. पुढे मी बघणंच सोडलं, आणि तिथेच आमचा घात झाला.

अकोल्याच्या बाजारात ते कापूस मोजायचे. तुम्ही कधी त्या आवारात उभे राहिला असाल तर असा माणूस पाहिला असेल. व्यापारी भाव बोलतो, कास्तकार मान खाली घालतो, आणि दोघांच्या मधोमध काट्याशी उभा राहून मापारी वजन पुकारतो. सगळ्यात शेवटी पुकारायचं ते "बारदान वजा!" ज्यातून माल आला ते पोतं, ती बोंदरी, ती गाडी, हे सगळं बारदान. त्याचं वजन कापायचं आणि उरेल तेवढाच माल धरायचा. मापारीभाऊंनी हे दोन शब्द तीस वर्षं पुकारले. चहा पिऊन झाल्यावर पेलासुद्धा ते असा तोलून ठेवत की मला हसू येई.

माझं दुकान गाड्यांच्या कमानींचं. अब्बांनी टाकलेलं, मी चालवलेलं. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची चवड असते ना, तीच कमान. एकेका पट्टीला आम्ही पाटा म्हणतो. पाटा तापवायचा, ठोकायचा, हवा तेवढा बाक द्यायचा. मी तापट माणूस. माझ्या भट्टीशी बसून गप्पा मारणारे थोडेच. मापारीभाऊ रोज संध्याकाळी बाजारातून यायचे, पण आत पाऊल टाकण्याआधी रस्त्यावर उभे राहून अंगावरचा कापूस झटकायचे. केसातला, भुवयांतला, कानांतलासुद्धा. मी एकदा चिडवलं, "काहून भाऊ, माझ्या लोखंडाले कापसाची अ‍ॅलर्जी हाय काय?"

"तुह्या लोखंडाले नाई," ते म्हणाले, "घरच्या माणसाले हाये."

तेव्हा मला भाबींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, कळलं. भाबींनी अकरा वर्षं जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुई उपसली होती. ती रुई छातीत जाऊन बसली. दिवाळीनंतर कापूस बाजारात आला की त्यांचा श्वास अडायला लागायचा तो पार उन्हाळ्यापर्यंत. जिनांच्या गल्लीतच त्यांचं भाड्याचं घर. खिडकीला ओलं लुगडं बांधून भाबी चार-पाच महिने आत बसून असायच्या. डॉक्टर म्हणाला, कापसापासून लांब न्या.

लांब न्या म्हणणं सोपं होतं. ती वर्षं तुम्हालाही आठवत असतील. भाव पडलेला, आणि "चढन, थोडं थांबू" म्हणून लोक कापूस घरातच भरून ठेवायचे. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, देवाच्या कोनाड्यापर्यंत कापूस. माणसं त्यावरच सतरंजी टाकून झोपायची आणि अंग खाजवत उठायची. मापारीभाऊंनी भाबींना त्यांच्या भावाकडे हिवरखेडला नेलं. भावाने मोठ्या मायेने खोली दिली, पण खोलीत छताला टेकेल एवढा कापूस. तिसऱ्या दिवशी एसटीने परत आणलं. मग दर्यापूरला नणंदेकडे. तिथेही तेच. आगीतून उठून फुफाट्यात.

"मिस्तरी," एक दिवस ते म्हणाले, "अख्ख्या वऱ्हाडात बिनकापसाची एक खोली भेटून नाई राह्यली. मंग आपणच बांधू. चाकावर बांधू, अन् कापूस नाई तिथं नेऊन उभी करू."

मी हसलो नाही, कारण ते हसत नव्हते. जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. भाबींची मोठी बहीण रिद्धपूरला महानुभावांच्या आश्रमात राहायची. तिच्याकडे जास्तीची खोली नव्हती, पण बाहेर निंबाखाली एक गाडी मावेल एवढी मोकळी जागा होती. घेण्यासारखं एवढंच होतं तिथे.

शहराबाहेर त्यांचा एक तुकडा प्लॉट होता, तो विकला. भाजीवाल्याकडून जुनी पिकअप घेतली. मंडपवाल्याची जुनी प्लाय, पत्रा आणि लोखंडी अँगल जमवून एका सुताराने खोली उभी केली. एक पलंग, एक खिडकी, भिंतीला दुमडणारा ओटा, पाण्याची टाकी. खाली चार पाय, म्हणजे गाडीवरून उतरवता येईल. कागदपत्रांचं काम करणाऱ्याने विचारलं, गाडीवर हे काय? मापारीभाऊ म्हणाले, "माल. मालगाडीवर माल नाई तं काय राहीन?" सगळी खोली सोळा हजारात झाली. ते खूश होते. दोन्ही हात पसरून मला खिडकी दाखवत होते.

पण खोली झाली म्हणजे ती वाहून नेता येते असं नाही, हे सांगायचं काम माझ्या नशिबी आलं. टायर गुळगुळीत झालेले, बदलायला हवेत. खोली उंच, वळणावर झोल खाणार, म्हणून नवे शॉकॲब. उडून जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांना कड्या आणि ताणाचे रॉड. ब्रेक. आणि शेवटी माझ्या कमानी. मी एकेक सांगत गेलो आणि ते बोटं मिटत गेले.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," ते म्हणाले. "खोली स्वस्त हाये, मिस्तरी. उचलणं महाग."

त्या पहिल्या वर्षी निम्मा हंगाम या मसाल्यातच गेला. एक टायर आला की दुसऱ्यासाठी पुन्हा काट्यावर उभं राहायचं. कापसापासून सुटायला लागणारा पैसा कापूस मोजूनच मिळत होता. रोज अंगावर नवा कापूस घेऊन यायचे, रस्त्यावर झटकायचे, गाडीला हात लावायचे आणि घरी जायचे. मी विचारलं की म्हणायचे, "हंगाम सरू दे."

कमानींचं तुम्हाला नीट सांगतो, कारण चूक तिथेच झाली. पिकअप एक टनाची. तिच्यात कमी वजन टाकलं की कडक कमानींमुळे ती खड्ड्यात उडते. आत आजारी बाई झोपणार. म्हणून मी मालाच्या कमानी काढून मोजक्या पाट्यांच्या मऊ कमानी बसवायच्या ठरवल्या, नेमक्या वजनापुरत्या. त्यासाठी वजन अचूक हवं. मी म्हणालो, गाडी वजनकाट्यावर नेऊ. मापारीभाऊंना ते फार लागलं. "तीस साल झाले मले. मी हाताने मोजून देतो."

दोन दिवसांनी त्यांनी कागद आणला. पलंग, गादी, स्टोव्ह, भांडी, टाकीतलं पाणी, सगळं एकाखाली एक. "घरचं माणूस – एक्केचाळीस किलो" असंही होतं.

"भाबीले कवा बसवलं काट्यावर?"

"काट्यावर कायले? दम लागला की उचलतोच न मी रोज."

मी फक्त खाली रेघ ओढून लिहिलेला आकडा बघितला, तीन क्विंटल ऐंशी, आणि तेवढ्या वजनाच्या कमानी बांधून दिल्या.

निघाले त्या सकाळी भाबींनी नवं लुगडं नेसलं होतं. पलंगावर बसून त्या खिडकीतून आमच्या गल्लीकडे अशा बघत होत्या जणू ती पहिल्यांदाच दिसते आहे. मी गाडीपुढे नारळ फोडला. तास-दीड तासात गाडी बैलाच्या चालीने परत आली. बोरगावच्या अलीकडे एका गतिरोधकावर कमानी सपाट झाल्या, टायर वरच्या पत्र्याला घासायला लागले, जळक्या रबराचा धूर थेट खोलीत शिरला. भाबी निळ्या पडल्या होत्या. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण रोज उचलणाऱ्या मापारीभाऊंच्या हातांना त्या उचलेनात, मीच उचललं. त्या हातांनी त्या दिवशी सुतळीचा तुकडासुद्धा तोलता आला नसता.

भाबी वाचल्या. चार दिवसांनी मापारीभाऊ दुकानात आले आणि मी त्यांच्यावर बरसलो. मापारी असून वजन चुकता? दाखवा तो कागद! त्यांनी खिशातून काढला. मी पहिल्यांदाच तो वरपासून वाचला. लोखंडी सांगाडा, पत्रा, प्लाय, सगळ्याचं वजन व्यवस्थित मांडलेलं. एकूण सहा क्विंटल दहा. आणि त्याखाली, त्यांच्या त्या गोल अक्षरात: "बारदान वजा – दोन क्विंटल तीस."

ज्या खोलीत माल भरायचा ती खोलीच त्यांनी कापून टाकली होती.

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "हाताले सवय हाये," ते हळूच म्हणाले. "बारदान वजा केल्याबिगर पेन उचलतच नाई. लोकायचं कापलं आजवर, आता आपलं कापलं." आणि माझ्या भट्टीसमोर बसून ते रडले. साठीकडे झुकलेला माणूस असा रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. कागद न वाचणारा मीही तेवढाच गाढव होतो, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

उरलेला हंगाम भाबींनी पुन्हा ओल्या लुगड्याआड काढला. नव्या कमानी, थोडे जाड टायर, चॅसीला आधाराची पट्टी. पुन्हा मसाला. पैसे कमी लावता यावेत म्हणून मी खोटं बोललो, पाटे जुने पडून होते म्हणालो. त्यांनी एक पाटा वीतभर उचलला. "हे जुनं नोय, मिस्तरी. जुना पाटा घासून हलका होते." आणि पूर्ण पैसे दिले, तीन हप्त्यांत, तीन महिने बाजारात उभं राहून.

पुढच्या दिवाळीनंतर मात्र ते मुकाट्याने वजनकाट्यावर आले. पाणी भरलेलं, भांडी लावलेली, भाबी पलंगावर. गाडी काट्यावर चढवली आणि मापारीभाऊ खाली उतरून बाजूला उभे राहिले. माल मोजताना गाडीवाल्याने उतरायचं, हा बाजाराचा कायदा. छापील चिठ्ठी आली. मी म्हणालो, "या वजनात तुमी कुठं हाय?"

"मी कुठं जाऊन राह्यलो? हंगाम हाये. एक हंगाम चुकला तं माही जागा दुसऱ्याले देतात. तिले सोडतो अन् सांजच्या एसटीनं येतो वापस."

मी दुकानात येऊन कमानी पुन्हा खोलल्या आणि त्यांना न सांगता दोन्ही बाजूंना एकेक पातळ पाटा जास्तीचा टाकला. पुढेमागे हा माणूस मागच्या खोलीत झोपेल, तेव्हाचं वजन.

या वेळी गाडी रिद्धपूरला पोचली. भाबींनी तो हंगाम निंबाखाली काढला, आणि त्यानंतरचे दोन. बाजाराला सुट्टी असली की मापारीभाऊ एसटीने तिकडे जायचे. एकदा मी कमानींना ग्रीस द्यायला म्हणून सोबत गेलो. गेल्या गेल्या ते विहिरीवर गेले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. मग खोलीच्या दारासमोर, बाहेर, एका दगडावर बसले. भाबींनी पायरीवरून चहा दिला. "आत या न," त्या म्हणाल्या.

"नको. माह्या अंगात कापूस हाये."

"आंघोळ केली न तुमी!"

"वरचा निघते," ते म्हणाले. "हंगाम सरू दे. औंदा मापारकी सोडतो. मंग मोझरीले जाऊ, चिखलदऱ्याले जाऊ. मंग मी आतच."

ऊन उतरेपर्यंत दोघं तशीच बोलत बसली, त्या पायरीवर, हे दगडावर. मधे चार हात अंतर.

त्या तिसऱ्या हंगामात, माघात एका सकाळी, बाजारात वजन पुकारता पुकारता ते कापसाच्या गंजीवर बसले आणि आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत. मला निरोप आला तोवर हमालांनी त्यांना हातगाडीवर ठेवलं होतं. एक हमाल म्हणाला, दोन सालापासून खोकलत होते. मला कधी ऐकू आलं नव्हतं. रोज रस्त्यावर कापूस झटकताना ते खोकूनही घ्यायचे, एवढं नंतर लक्षात आलं. मला फार राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. भुवयांत अडकलेला कापूस मी माझ्या हाताने काढला. सगळा काही निघाला नाही.

दिवसकार्य झाल्यावर भाबी रिद्धपूरलाच परत गेल्या. अकोल्याच्या घरी राहणार कशा? आता बाराही महिने त्या त्या खोलीतच असतात. वर्षातून एकदा मी ग्रीस घेऊन जातो. गाडी कुठे जात नाही, तरी जातो. मागच्या खेपेला भाबींनी आत बोलावलं. पलंगाच्या वर, प्लायवर, वजनकाट्याची ती चिठ्ठी खिळ्याने ठोकलेली होती. मी वाचत होतो तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, याच्यात सगळं हाये. पाणी हाये, भांडे हायेत, मी हावो. एक ते तेवढे नाईत."

मी हो म्हणालो आणि ग्रीसचा डबा घेऊन खाली उतरलो. गाडीखाली शिरून कमानी पाहिल्या. ते दोन पातळ पाटे अजून तसेच वाकदार आहेत, पुरते दबलेले नाहीत. त्यामुळे गाडीची मागची बाजू बोटभर उंच राहते. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला दिसते. भाबी म्हणतात, झोपल्यावर उतार लागतो, एकेक पाटा काढून टाका. दर वर्षी मी हो म्हणतो आणि न काढता परत येतो.