गवती चहाचा खोडवा

माझा स्वभाव मुळातच तिरका, खोटं कशाला सांगू? त्यात सासूबाई उन्हाळ्यात सांगलीहून कायमच्या इकडे उत्तरेत, आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आल्या. येताना ओल्या फडक्यात गवती चहाचं ठोंब घेऊन आल्या. ते बाल्कनीतल्या कुंडीत लागलं आणि नियम सुरू झाले. लागेल तेव्हाच कापायचा, लागेल तेवढाच, आणि तोही बाहेरच्या बाजूने. मी एकदा घाईत मूठभर ओरबाडला तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं.

पण त्यांचा काढा लेकीला लागू पडायचा, हे मान्य करायला हवं. थंडीची चाहूल लागली की तिची छाती भरायची, खोकून खोकून पोर अर्धी व्हायची. नातीला काढा करून देणं हेच सासूबाईंचं या घरातलं खरं काम. हिंदी येत नाही म्हणून त्या खालीसुद्धा उतरत नसत. उरलेला दिवस नुसत्या बसून असायच्या.

दिवाळी झाली, तेव्हा तळमजल्यावरच्या पंजाबी बाई मला जिन्यात म्हणाल्या, "भाभीजी, वो घास अब सारी काट के छाँव में सुखा लो. पाला पड़ेगा तो कुछ नहीं बचेगा." मी "अच्छा" म्हटलं. पाला म्हणजे इकडच्या कडाक्याच्या थंडीत पानांवर गोठणारं दव. वर येऊन मी सासूबाईंना अवाक्षर सांगितलं नाही. नियम त्यांचे ना, मग बघू देत त्यांनाच. त्यांचं एकदा तरी चुकावं असं मला वाटत होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

जानेवारीत पाला पडला. सकाळी बघते तर सगळी पात करपून कुंडीवर लोळत होती. त्याच आठवड्यात लेकीचा खोकला उसळला. सासूबाईंनी तीच करपलेली पात उकळली. पाणी गढूळ झालं, पण वास म्हणून येईना. त्यांनी भांडं दोनदा नाकाशी नेलं आणि मोरीत ओतून टाकलं.

"मला इथलं काही कळत नाही," त्या ह्यांना म्हणाल्या. "माझं सांगलीचं तिकीट काढ."

लेक डॉक्टरांच्या औषधाने बरी झाली, पण तिकिटाचं काही माझ्या डोक्यातून जाईना. सांगलीत त्यांचं होतं कोण? घराला कुलूप होतं. दोन दिवस कुढले आणि तिसऱ्या दिवशी बाल्कनीत जाऊन सांगून टाकलं. "आई, पाला पडणार हे मला दिवाळीतच कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

त्यांनी कात्री मागितली. जळकी पात बुडाशी वीतभर ठेवून सपासप कापली, माती ओढली, वर गोणपाट घातलं. त्यांच्याकडे ऊस तोडला की बुडखे तसेच राखतात, तो पुन्हा फुटतो. त्याला खोडवा म्हणतात. तसंच केलं त्यांनी.

"मुळाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "होळीपर्यंत फुटेल."

मी भीत भीत विचारलं, "आणि तिकिटाचं?"

त्या गोणपाटाची कड कुंडीत खोचत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीला अशी मिठाची गुळणी धरून बसू नकोस. सांग मला. दोघी मिळून कापू."