कर्णिकांच्या घरातला गीझर

तुळशीदास परबनं एकोणीस वर्षं गिरणीत साचे चालवले, म्हणजे मागावर कापड विणलं. साचा बिघडला तर विणणाऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, फिटरला हाक मारायची, असा खात्यातला शिरस्ता. पण बाहेरच्यांना हे कुठलं ठाऊक? गिरणीवाला म्हणजे मशीनचा माणूस, असंच सगळे धरून चालायचे. गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष होत आलं, तेव्हा त्यालाही आपल्याबद्दल तसंच वाटून घ्यायला बरं वाटे.

काळाचौकीच्या खोलीत तो आणि बायको मंजुळा, दोघंच. घर चालायचं ते मंजुळेवर. ती शिवाजी पार्कला कर्णिकांकडे स्वयंपाक करायची. गंगाधरराव कर्णिक निवृत्त हेडक्लार्क, नुकतेच टायफॉइडमधून उठलेले. त्यांना आंघोळीला गरम पाणी लागे, आणि नेमका गीझर बिघडला. पाणी तापलं की वीज आपोआप तोडणारा थर्मोस्टॅट बदलायला हवा, असं सांगून मेकॅनिक गेला, तो आठ दिवस फिरकलाच नाही. नवा थर्मोस्टॅट तसाच कपाटावर पडून होता.

"तुझे यजमान गिरणीत होते ना गं?" त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी मंजुळेला विचारलं. "त्यांना जमेल का एवढं?"

घरी येऊन मंजुळेनं विचारलं, "तुमका जमात?"

"न जमाक काय झाला?" तुळशीदास म्हणाला.

शनिवारी दुपारी तो स्टुलावर चढला. मेन स्विच बंद असल्याचं तीनदा उतरून बघितलं. गीझरचं खालचं झाकण काढलं, कुठली वायर कुठं ते वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीनं काढून घेतलं, आणि जुना थर्मोस्टॅट ओढून बाहेर काढला. त्याला लांब दांडी होती. ती टाकीतल्या एका नळीत शिरत असे. नवी दांडी मात्र बरीचशी गेली आणि शेवटाला अडली. नळीत हिरवट मळ धरला होता. त्यानं जोर लावला, पण मोडली तर काय, या भीतीनं हात आखडला.

"होतंय ना?" कालिंदीबाई दारात उभ्या होत्या.

"झालंच, बाई."

दांडी दोन बोटं बाहेरच राहिली. झाकण बसेना, तेव्हा त्यानं स्क्रू आवळून ते दाबून बसवलं. मधोमध ते जरा फुगलेलं राहिलं. अर्ध्या तासात पाणी तापलं. कालिंदीबाईंनी त्याला चांगल्या कपातून चहा दिला. गंगाधरराव म्हणाले, "वा, परब!" खूप दिवसांनी कुणी त्याला असं आडनावानं हाक मारली होती.

सोमवारी गीझर पहाटेपासून चालूच राहिला होता. सकाळी साहेबांच्या आंघोळीसाठी मंजुळेनं बादली लावून नळ सोडला. आधी फसफसत वाफ आली, पाठोपाठ उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर उडालं.

चाळीखालच्या वाण्याकडे फोन आला. तुळशीदास पोचला, तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात कोपरापर्यंत बांधला होता, आणि तोच पहिला मेकॅनिक स्टुलावर उभा होता.

"हा कुणी बसवला?" मेकॅनिकनं विचारलं. "दांडी पुरती आत नको जायला? पाणी किती तापलं ते हिला कळणार कसं?"

त्यानं पिशवीतून एक जाड तार काढली, नळी खरवडली, आणि दांडी बोटानं ढकलली. ती सर्रकन आत गेली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुळशीदास खाली मान घालून उभा. कालिंदीबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. गंगाधरराव म्हणाले, "जाऊ दे. आपणच सांगितलं त्यांना." ते रागावले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंजुळा कामाला निघाली, तर तोही मागोमाग निघाला. कर्णिकांच्या स्वयंपाकघरात ती भिंतीला टेकून बसायची, सांगायची, आणि तो करायचा. कणीक कधी सैल व्हायची, कधी घट्ट. त्याच्या पोळ्या वेड्यावाकड्या व्हायच्या. कर्णिक मुकाट्यानं खायचे.

चौथ्या दिवशी कणीक मळता मळता तो म्हणाला, "दांडी भायर रवलेली. माका दिसलेली."

मंजुळा म्हणाली, "झाकण फुगलेला मी त्याच दिवशी बघितलंय."

"मगे बोललंस नाय ता?"

"म्हटलंय, तुमका कळता."

त्याचे हात परातीत तसेच राहिले. तिनं पाण्याचा तांब्या डाव्या हातानं त्याच्याकडे सरकवला.

महिन्यानं पट्टी निघाली. कातडी आली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुरतं मिटेना. लाटणं हातातून निसटायचं. गिरणी काही सुरू झाली नाही. पुढली दोन वर्षं तुळशीदास कर्णिकांकडे पोळ्या लाटायला जात राहिला. तो लाटायचा, मंजुळा डाव्या हातानं भाजायची.