कुंपण तीन हात आत

पुंजारामची कबर कोणी हलवली नाही. कुंपण हललं. अमरावतीच्या परकोटाबाहेरच्या ख्रिस्ती मंडळीनं पुढं तीन वर्षं हाच खुलासा केला, आणि तो करताना कोणाची जीभ अडखळली नाही.

१८६२ साली ही मंडळी अकरा घरांची होती. सहा घरं कुणबी शेतकऱ्यांची, पाच महारवाड्यातली. बाप्तिस्मा देताना पाद्रीसाहेबांनी सांगितलं होतं की, आता तुम्ही सगळे एकाच देहाचे अवयव. सहा घरांनी मान डोलावली आणि ती प्रार्थनेच्या खोलीत पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली. पाच घरांसाठी मागं पोतं अंथरलेलं होतंच. प्रभुभोजनाचा प्याला मात्र एकच होता. तो पुढून मागं जायचा, मागून पुढं कधीच येत नसे, त्यामुळे कोणाच्याही धर्माला त्रास होत नव्हता.

त्या श्रावणात पटकीनं पुंजाराम गेला. तो कापसाच्या गाड्या भरणारा हमाल होता, मागच्या पोत्यावर बसणारा. कबरस्तानात कबरी मरणाच्या क्रमानं खणत. रांगेतली शेवटची कबर पुढच्या सतरंजीवरच्या खुशालराव पाटलांच्या आईची होती. तिच्या शेजारी पुंजारामला ठेवलं. तेव्हा कोणी काही बोललं नाही. पटकीच्या दिवसांत मढं लवकर मातीआड करणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं.

अडचण कापसानं केली. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातल्या रुईचा भाव दर हाटाला चढत होता. खुशालराव दलाल होते. ते ख्रिस्ती झाले तेव्हा ज्या भाऊबंदांनी त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं, तेच आता कापसाच्या गाड्या घेऊन त्यांच्या दारात उभे राहू लागले. पाणी अजूनही पीत नव्हते, पण दलाली त्यांच्याकडूनच करून घेत. त्यातले काही जण म्हातारीच्या कबरीवर फुलं वाहायला गेले आणि शेजारी कोण निजलं आहे ते विचारून आले. खुशालरावांना शरम वाटली. तिचं कारण पुंजारामचा शेजार एवढंच होतं.

दिवाळी झाली की कबरस्तानाचं कुंपण नवं करायचं, ही मंडळीची रीत होती. बाभळीचे काटे वर्षभरात वाळवी खाते आणि मग गुरं आत शिरतात. प्रत्येक घरानं एक भारा काटे आणायचे आणि आखलेल्या रेषेवर टाकायचे. त्या वर्षी रेष खुशालरावांच्या गड्यानं आखली. पूर्वेची बाजू तीन हात आत घेतली. कुंपण सरळ दिसावं म्हणून, असं तो म्हणाला.

मनकर्णाबाईनं, म्हणजे पुंजारामच्या बायकोनंही, डोक्यावरून एक भारा आणला होता. तिनं तो दाखवलेल्या जागी टाकला, पायानं दाबला, हाताला लागलेलं रक्त लुगड्याला पुसलं. सगळे परतायला लागले तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. नवरा बाहेर होता.

त्या रविवारपासून ती खोलीच्या आत गेली नाही. येत मात्र राहिली. दर रविवारी बाहेरच्या पायरीवर बसायची, भजन संपलं की उठायची. पोत्यावरच्या बाकीच्या चार घरांनी प्याला घेणं सोडलं. पुढची सतरंजी म्हणाली, काही लोकांना मोठेपणा पचत नाही.

आठवड्याचे सहा दिवस मनकर्णा एका व्यापाऱ्याच्या पडवीत रेच्यावर बसे. रेचा म्हणजे सरकी वेगळी करणारं, दोन फिरत्या रुळांचं लाकडी यंत्र. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं कापूस भरवायचा, पलीकडे रुई पडते आणि अलीकडे सरकी. दांडा फिरवणारी दुर्गाबाई हिंदू होती आणि तोंडाची फटकळ.

"काहून वो मनकर्णे, तुह्या देवाच्या घरी बी कुंपण हाये काय?"

"देवाच्या घरचं मले माहीत नाई. पाटलाच्या देवाच्या घरी हाये."

"मंग तू बाटली कायले? आमच्यात काय काटे कमी होते?"

मनकर्णेनं कापूस पुढं सरकवला.

खरी भीती वेगळी होती. कुंपण आत आल्यावर बाहेर जी मोकळी पट्टी उरली, ती कापसाच्या गाड्यांनी धरली. बाजाराकडं जाणारा वळसा तेवढा वाचत होता. चाकं कबरीच्या उंचवट्यावरून जात. मनकर्णा दर आठवड्याला माती आणून उंचवटा पुन्हा लिंपायची, डोक्याकडचा दगड सरळ करायची. भाव वाढले तशा गाड्या वाढल्या. तिसऱ्या हंगामाला उंचवटा वीतभरही उरला नव्हता. आणखी एक हंगाम गेला असता, तर पुंजाराम कुठं आहे हे तिलाही सांगता आलं नसतं.

१८६५ साली लढाई संपली आणि कापूस कोसळला. भाऊबंदांच्या गाड्या खुशालरावांच्या दारातून निघून गेल्या. उरल्यासुरल्या गाड्या त्या पट्टीवरून बाजाराकडं जात राहिल्या. त्याच सुमारास मिशनचे वरचे साहेब जानेवारीत भेटीला येणार, मंडळी एक असेल तर प्रार्थनेसाठी दगडी देऊळ बांधून देणार, असा निरोप आला. त्याबरोबर सगळ्यांना एकमेकांवर प्रेम करण्याची घाई झाली.

समेटासाठी अकोल्याहून उपदेशक नत्थुजी आले. अकोल्यात त्यांनी भांडणाऱ्या दोन भावांना एकमेकांच्या गळ्यात पाडलं होतं आणि ही गोष्ट ते न विचारता सांगत. त्यांची एक पद्धत होती. सगळ्यांना गोल बसवायचं, प्रत्येकानं "मी माफ केलं" म्हणायचं, मग एक भजन, मग वांग्याची भाजी आणि पोळ्या. कोणी कोणाला काय माफ केलं, हे त्या पद्धतीत येत नव्हतं. अकोल्याचे ते दोन भाऊ महिन्याभरात पुन्हा भांडले होते, पण हेही नत्थुजींच्या गोष्टीत येत नव्हतं.

मनकर्णेनं आत यायला नकार दिला, म्हणून गोल पायरीभोवती करावा लागला.

"बहिणी, मनात अढी ठेवू नये," नत्थुजी म्हणाले. "आपण सगळेच चुकलो. सगळ्यांनी सगळ्यांना माफ करायचं."

"काय चुकलो?"

"झालं गेलं उकरून काढायचं नसतं."

"मंग मीच सांगते. मी एक भारा आणला होता. माह्या हातानं माह्या माणसाच्या आड काटा टाकला. न पाहता टाकला. हे मी चुकली." ती खुशालरावांकडं वळली. "आता तुमी सांगा, पाटीलजी."

खुशालरावांनी उपरणं सारखं केलं. "कुंपण तं सगळ्यायनं केलं. मी त्या दिवशी हजर बी नव्हतो. माह्या गड्यानं भारा टाकला."

"मंग माफी मागाले बी गडीच पाठवा."

मागच्या बाया हसल्या. पुढच्या सतरंजीवरचाही एक माणूस हसला आणि खोकल्याचं निमित्त करून थांबला.

नत्थुजींनी घाईघाईनं तोडगा काढला. पुंजारामच्या कबरीवर मंडळीच्या वतीनं घडीव दगडाचा क्रूस उभारावा, नाव कोरावं. खुशालराव लगेच तयार झाले. क्रूस बाहेरच उभा राहणार होता.

"बाहेरच्या बाहेर सजवता काय त्याले?" मनकर्णा म्हणाली. "मले दगड नोको. काटे हलवा. परवा कुंपणाचा दिवस हाये. जिथून आत आणले, तिथं नेऊन टाका. आन् भारा ज्याचा त्यानं आणायचा. डोक्यावर."

"मनकर्णे, पाटलाले काटे उचलाले लावशील?" सतरंजीवरून कोणीतरी म्हणालं.

"काहून? माह्या डोक्याले का कातडं नाई?"

सभा मोडली. पोळ्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी नत्थुजी खुशालरावांच्या ओसरीवर दुपारभर बसले. त्यांनी वचनं सांगितली, ती खुशालरावांना पाठ होती. मग त्यांनी साहेबांची तारीख सांगितली. तिचा परिणाम झाला.

कुंपणाच्या दिवशी सकाळी दहा भारे आले. अकरावा खुशालरावांचा गडी घेऊन आला. मनकर्णा रेषेवर उभी होती, ती बाजूला झाली नाही. गडी थोडा वेळ ताटकळला, मग भारा खाली ठेवून परत गेला. लोक उन्हात बसून राहिले. नत्थुजींनी भजन सुरू केलं, कोणी साथ दिली नाही, तेव्हा थांबवलं.

खुशालराव बऱ्याच वेळानं आले. त्यांनी पागोटं काढून नत्थुजींच्या हातात दिलं आणि भारा उचलायला गेले. काटे कसे धरायचे हे त्यांना ठाऊक नव्हतं. भारा पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा खांद्यावर आला आणि अंगरखा फाटला. शेवटी मनकर्णेनंच फडक्याची चुंबळ करून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि भारा वर चढवून दिला. ते तीन हात बाहेर चालत गेले आणि तिथं तो टाकला.

"मायच्या शेजारी होता तुहा माणूस," ते कपाळाचं रक्त पुसत म्हणाले. "सोयऱ्यायनं विचारलं. मले लाज वाटली. मीच सांगतलं होतं गड्याले."

"ठाऊक हाये," मनकर्णा म्हणाली. "ऐकाचं होतं."

तिनं आपला भारा सगळ्यांत शेवटी टाकला, गाडीवाट जिथं आत शिरत होती तिथं. मग आतून ते तीन हात मोजून पाहिले.

जानेवारीत साहेब आले. प्याला पुढून मागं गेला, आणि त्या एका रविवारी मागून पुढंही आला. मनकर्णेनंतर खुशालरावांनी तो घेतला. कडू काढा घ्यावा तसे डोळे मिटून घेतला, पण घेतला. नत्थुजींनी अहवालात पवित्र आत्म्याची वृष्टी झाल्याचं लिहिलं. काट्यांचा उल्लेख त्यात नाही. साहेबांचं दगडी देऊळ कधीच बांधलं गेलं नाही. कापूस पडल्यावर विलायतेतल्या दात्यांचाही उत्साह पडला.

पुढच्या दिवाळीनंतर कुंपणाच्या दिवशी खुशालरावांचा गडी पुन्हा भारा घेऊन आला. मनकर्णेनं त्याला वाटेतच अडवलं आणि भाऱ्यासकट घरी पाठवलं. लोक उन्हात बसले. या वेळी कोणी भजन सुरू केलं नाही.

थोड्या वेळानं खुशालराव आले. चुंबळ त्यांनी घरूनच आणली होती.