चार घरांचा एक पेपर

सातपूरच्या आमच्या चाळीत चार घरांत मिळून एक पेपर यायचा. आधी काकूंकडे, मग मास्तरांकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी शेजारच्या वहिनींकडे. माझ्या हातात पडेपर्यंत त्यावर चहाचे डाग आणि कोडं अर्धवट सोडवलेलं, म्हणून मी रोज चिडायची. पण नियम पक्का होता. वाचून झालं की पुढच्या घरी आपण स्वतः नेऊन द्यायचा.

त्या दिवशी दुपार झाली तरी पेपर नाही. विचारलं तर मास्तरीणबाई म्हणाल्या, आज आलाच नाही. अहो, सकाळी काकूंच्या ओट्यावर तो मी या डोळ्यांनी पाहिला होता! नळावर गेले तर बायका गप्प झाल्या. आमचे हे आदल्या दिवशी ट्रक घेऊन मुंबईला गेलेले, वाटेत कसारा घाट. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणत मी धुणं काढलं.

तेवढ्यात वहिनी ताट घेऊन आल्या. ताटात पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारून येते ती. वहिनी रडत सांगू लागल्या, आपल्याच ट्रान्सपोर्टची गाडी रात्री दरीत गेली, ड्रायव्हर जागीच गेला. पेपरात नाव नव्हतं. पण मुंबईला तुमचेच गेलेत ना, म्हणाल्या. त्यांचा नवराही त्याच ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर, तो घोटीला तांदूळ आणायला गेलेला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला. त्या मात्र माझा हात सोडून उठल्या नाहीत.

हळूहळू काकू, मास्तरीणबाईही येऊन बसल्या. दिवेलागणीला दारात हे उभे. अंगभर तांदळाचा कोंडा. मला हुंदका आवरेना. वहिनी तर रडता रडता हसायलाच लागल्या. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. घरात एवढी माणसं कशी, ते ह्यांना कळेना.

"घोटीला गाडी भरायला उशीर झाला," हे म्हणाले. "वहिनी, तुमच्या ह्यांना कल्याणला बहिणीकडे जायचं होतं. माझी मुंबईची फेरी त्यांनी घेतली."

वहिनींचा हात अजून माझ्याच हातात होता. काकूंनी पदराआडून पेपरची घडी काढली आणि खाली मान घालून माझ्यापुढे ठेवली. पुढच्या घरी द्यायची पाळी माझी होती.