तारेखाली उभा राहिलेला माणूस

त्या दुपारचं मले अजून जसंच्या तसं आठवते. मी गावची पोलीस पाटील होती, दहावीपर्यंत शिकलेली, कडेवर आठ महिन्याची पोरगी. आता ते काम सोडलं म्हणून सांगते, नाव मात्र कोणाचंच सांगत नाई.

धान चुरून झालं होतं, मळणीचं तणीस, म्हणजे पेंढा, घरोघरी येऊन राहिलं होतं. शेजारची म्हातारी धावतच आली.

"पाटीलबाई, तलावाच्या पाळीवर एक माणूस आहे. विजेच्या तारेखाली उभा राहते, वर पाहते, कागदावर लिवते. तार चोराले आला आहे तो."

मागच्याच महिन्यात मोटारीची केबल चोरीले गेली होती, त्याची खबर मीच ठाण्यात देली होती. ठाण्यात फोन केला, तोवर लोकायनं त्याले माह्या अंगणातच आणून बसवलं.

ठाणेदार सायबानं शिकवलं होतं, आधी पाणी द्याचं, मंग नाव विचाराचं, अंगाले कोणी हात लावाचा नाई. पाणी देलं. थैलीचीच झडती घेतली. तिच्यात पकड नाई, आरी नाई, मोबाईलपेक्षा जाड एक डब्बा फक्त.

"हे काय आहे?"

"याच्यानं तारेची उंची मोजते, ताई. खाली जमिनीवर धराचं, तोंड वर करून. आवाज वर जाते, तारेले लागून वापस येते. तारेले हात लावाचं कामच नाई. मी लाइनच्या कामावर आहो, लोंबलेल्या तारा लिहून राहिलो."

"ओळखपत्र?"

"रूमवर राहिलं."

"सारेच चोर असंच सांगते," म्हातारी बोलली आन त्याच्या प्लेटीत पोहे वाढले.

खरं का खोटं, मले कसं समजाव? मंग सुचलं. अंगणात कपडे वाळवाची तार होती. कपडे काढले, माह्या शिलाईच्या टेपनं तिची उंची मोजली, कोणाले सांगितली नाई.

"मोज," म्हटलं.

त्यानं डब्बा तारेखाली जमिनीवर ठेवला. "साडेसहा फूट."

माह्या टेपवरही साडेसहाच होते.

"मंग पाळीवरची किती भरली?"

"तेरा. तिथून भरलेली ट्रॉली नेऊ नका, ताई. हेच सांगाले गावात येऊन राहिलो होतो, तं या लोकायनं धरलं."

आमचे हे तणसाची ट्रॉली घेऊन त्याच पाळीच्या बांधावरून येणार होते. आमच्याकडं तणीस घराएवढं उंच रचते, आन वर एक जण बांबू घेऊन बसते. तार आली का बांबूनं उचलाची, ट्रॉली खालून काढाची. दरसाली तसंच. त्या दिवशी वर माहा दीर बसला होता.

पोरगी म्हातारीच्या मांडीवर टाकली आन धावली. डब्बेवाला माह्या मागं धावला, त्याच्या मागं सारं गाव, त्यायले वाटलं चोर पळाला.

ट्रॉली पाळीवर चढली होती. तारेच्या बऱ्याच अलीकडं मी आडवी उभी राहिली. आमच्या यायनं ब्रेक मारला.

"वहिनी, बाजूले व्हा ना," दीर वरून बोलला. "मी उचलतो तार."

"आधी बांबू खाली फेका, भाऊजी."

"आन तार कायनं उचलू?"

"उचलाचीच नाई. तार तेरा फुटावर आहे. तुम्ही किती फुटावर बसले?"

त्यानं खाली चाकाकडं पाहिलं, मंग समोर तारेकडं. बांबू खाली पडला. यायनं ट्रॉली मागं घेतली.

ठाणेदार सायब आले, फोनवर खात्री करून त्या माणसाले सोडलं. मले विचारलं, "चोर कुठं आहे?"

"चोर नाई भेटला, सायब. ट्रॉली भेटली."

सायब हासले. लाइन बंद करून तार ताणून होईपर्यंत पाळीवर एक शिपाई बसवला.

त्या केसनं मले एवढं समजलं, का जमिनीवर उभं राहून वर पाहणाऱ्या माणसाचं मले भेव वाटलं, आन बांबू घेऊन वर बसणाऱ्याचं कधीच वाटलं नाई, काहून का तो घरचा होता.

तोच बांबू आता पाळीच्या तोंडाशी गाडला आहे. समोर दुसरा गाडून दोघायले बारा फुटावर दोरी बांधली. दोरीखालून निघाली तेच ट्रॉली पुढं जाते. दीर आता तणसावर बसत नाई. खाली उभा राहून दोरी पाहते, मंग मले ऐकू येईन असं ओरडते, "वहिनी, पास झालो."