पांढरा शेला

बाल्बिनाच्या हातांना कॅथेड्रल पाठ होतं. बाजूच्या दारानं आत शिरलं की आधी पितळी कडी, मग खांबाच्या पायथ्याशी कोरलेली द्राक्षं, मग समाधीवर संगमरवरात झोपलेल्या बिशपच्या पायाशी बसलेला दगडी कुत्रा. पिढ्यान्‌पिढ्या हात फिरून त्या कुत्र्याचे कान गुळगुळीत झाले होते. त्याला गोंजारून ती उजवीकडे वळे आणि मरियामातेच्या देवघरात पोहोचे. गेली दोन वर्षं ती अशी हातांनीच चालत होती. डोळ्यांपुढे सदा पहाटेचं धुकं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कशी? मातेला वस्त्रं नेसवायचा मान त्यांच्या घराकडे होता आणि तो सासूकडून सुनेकडे जाई. सासू गेल्यावर देवघराची चावी बाल्बिनाच्या गळ्यात आली. पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. राहिली ती चावी. डोळे गेल्याचं कळलं तर तीही जाणार.

घरात आणखी एकच माणूस होतं, नणंद लिओकादिया. ती घरची लेक. पण लेकी लग्न होऊन परक्या होतात म्हणून त्यांना हा मान नसे. लिओकादिया लग्न करून कुठं गेलीच नाही. नेसवताना टाचण्यांची बशी धरायची, तीही मूर्तीकडे पाठ करून, एवढंच तिच्या वाट्याला आलं.

ऑगस्टच्या सणाला माता निळा शेला घेऊन बाहेर पडते. त्या सकाळी पडदा ओढून दोघी आत होत्या. पुरुषाला तेव्हा आत मज्जाव. फादर माकारिओसुद्धा बाहेर उभे राहून खोकत.

"आटप, वहिनी. ऊन चढलं की मिरवणुकीत म्हाताऱ्या आडव्या होतात."

"तुम्हाला काय धाड भरलीय, वन्सं?"

"मी तुझंच म्हणतेय."

बाल्बिना गालात हसली. गारपिटीत फुटलेल्या खिडकीला कित्येक वर्षं साधी काच होती; या वसंतात पुन्हा निळ्या काचा बसल्या होत्या. सारं देवघर पाण्याखाली गेल्यासारखं झालं होतं. मातेचा चेहरा, लाकडी हात, सगळं त्या निळाईत तरंगत होतं. बाल्बिनानं खणातला वरचा शेला काढून उजेडात धरला. निळाच. बोटांनी घडी बसवली, टाचण्या लावल्या आणि ती मागे सरली.

"वळा, वन्सं. कसं दिसतंय?"

लिओकादिया वळली.

"छान," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

भोयांनी पालखी उचलली. मधल्या उंच दालनात सूर्य वरच्या रंगीत काचांच्या खिडक्यांतून उतरत होता. लोकांत कुजबुज झाली आणि विरली. बाल्बिनाच्या धुक्यात पुढे जाणारी माता गुलाबी झाली, मग मधासारखी पिवळी, मग कोवळी हिरवी. दोन वर्षांत तिला इतकं स्वच्छ काही दिसलं नव्हतं. ती भान हरपून मागोमाग चालत राहिली. दारापाशी मात्र ती थबकली. निळा शेला असे रंग कुठून घेणार?

बाहेरच्या उन्हात शेला पांढराशुभ्र झाला. पांढरा ईस्टरचा! मिरवणुकीचा बँड मध्येच थांबला. मनोऱ्यावरच्या करकोच्यांच्या चोचींची टकटक तेवढी ऐकू येत राहिली.

"बाल्बिना, आज निळा ना?" फादरांनी हळूच विचारलं.

"नवस होता आमचा," लिओकादिया फटकन म्हणाली.

"नवसबिवस काही नाही, फादर," बाल्बिना म्हणाली. "मला दिसत नाही." तिनं गळ्यातली चावी काढून पुढं केली.

फादरांचा हात पुढं येईना. "घरात सून नाही. देऊ कुणाला?"

"लेक आहे की."

फादरांनी चावीकडे पाहिलं, थांबलेल्या बँडकडे पाहिलं. "घरातच राहू दे," ते पुटपुटले आणि पालखीला पुढं व्हायची खूण केली.

दुपारी दोघी स्वयंपाकघरात लसणाचं सूप घेऊन बसल्या.

"तुम्हाला दिसलं होतं," बाल्बिना म्हणाली.

"शेल्याची कड उजेडाबाहेर आली होती. पांढरीफटक."

"मग बोलला का नाहीत? माझी फजिती बघायची होती?"

"फजितीच बघायची असती तर दोन वर्षं तुझ्या सुयांत दोरा कशाला ओवून ठेवला असता?"

बाल्बिनाचा चमचा हवेतच राहिला. "मला वाटायचं, मीच ओवून विसरते."

"तू? तुला सुईचं टोक तरी दिसतं का?" लिओकादियानं पाव कुस्करून सुपात टाकला. मग हळू आवाजात म्हणाली, "जन्मभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. वळले, तर माता पाण्यात उभी असल्यासारखी. तोंडातून शब्दच फुटेना, वहिनी."

सप्टेंबरात मातेचा वाढदिवस. चावी आता लिओकादियाच्या गळ्यात होती आणि तोंड मूर्तीकडे. पण पहिलीच टाचणी बोटांतून खाली पडली, पाठोपाठ दुसरी.

"हे काही माझ्यानं व्हायचं नाही. तू लाव. मी रंग सांगते."

बाल्बिनानं टाचण्या लावल्या. मग रिकामा तळहात खिडकीखाली धरला.

"आत्ता इथं कोणता?"

"निळा." थोडं थांबून, "कडेला जांभळा होतोय. आता अंगठ्यावर आला."

"सांगत राहा."

पडद्यापलीकडे फादर खोकले.

"खोकू दे," लिओकादिया म्हणाली, आणि पुढचा रंग सांगू लागली.